विकत घेतलेला गेम घरात कोणाकोणाचा?

वाचकांच्या पत्रांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडवताना सात पत्रे एकाच विषयावरची निघाली. टिळकवाडीपासून जांबोटीपर्यंत आणि निपाणीपासून चिकोडीपर्यंतच्या वाचकांना एकच प्रश्न पडला आहे: इंटरनेटवरून विकत घेतलेला, डीआरएम (प्रत कोण वापरतो यावर पहारा ठेवणारे कुलूप) नसलेला गेम घरातल्या इतरांनी खेळावा का, आणि ‘घर’ म्हणायचे ते कुठपर्यंत? त्यामुळे या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलगी दहावीला आहे. मुलाने शिकवण्या घेऊन मिळवलेल्या पैशांतून जीओजी या संकेतस्थळावरून चार गेम विकत घेतले. तेच गेम आता मुलगी आपल्या लॅपटॉपवर घालून खेळते. ‘यात डीआरएम नाही, त्यामुळे चालते,’ असे मुलाचे म्हणणे आहे. मी पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. कोणी अडवत नाही म्हणून चालते, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. हे नियमाला धरून आहे का?
— एक वडील, टिळकवाडी

उत्तर : आपल्या मुलीचे खेळणे नियमाला धरून आहे, परंतु आपल्या मुलाने दिलेले कारण चुकीचे आहे. कुलूप नाही म्हणून आत जाता येते, आणि मालकाने या म्हटले म्हणूनही आत जाता येते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या दोहोंतला फरक मी सांगायला नको.

डीआरएम म्हणजे ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’. विकत घेतलेली प्रत कोणी, किती संगणकांवर आणि किती वेळा वापरावी यावर गेमच्या आतूनच पहारा ठेवणारी ही यंत्रणा असते. गेम सुरू होताना ती विक्रेत्याच्या सर्व्हरला विचारते की समोरचा माणूस ग्राहक आहे का. सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर पैसे मोजलेला माणूसही बाहेरच राहतो. सीडीच्या काळात हेच काम तबकडी करीत असे. माझ्या महाविद्यालयीन दिवसांत बेळगावात मार्करने नाव लिहिलेल्या नकली सीड्या सर्रास मिळत. त्या काळात मी बरेच दिवस पैसे साठवून एक अस्सल गेम घेतला, सहा महिन्यांत तबकडीवर ओरखडा पडला, आणि गेम संगणकात पूर्ण उतरवलेला असूनही केवळ तबकडी ओळखू येत नाही म्हणून तो उघडेना. नकली सीडीवाल्या मित्रांचा तोच गेम बिनतक्रार चालू होता. या विषयाकडे मी तेव्हापासून जरा कडवटपणे पाहतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

2008 हे साल या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी आलेल्या ‘स्पोअर’ या गाजलेल्या गेमची एक प्रत सुरुवातीला तीनच वेळा सक्रिय करता येत असे. ग्राहक खवळल्यावर ही मर्यादा पाचावर नेण्यात आली. त्याच वर्षी पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजे आजचे जीओजी, सुरू केले. जुने गेम नव्या संगणकांवर चालतील असे करून, कोणतेही कुलूप न लावता विकणे ही त्याची कल्पना होती. पुढे नवे गेमही तेथे आले. 2015 सालचा ‘द विचर 3’ पहिल्या दिवसापासून तेथे बिनकुलपाचा मिळत होता.

जीओजीने आपल्या ग्राहकांना दिलेली मुभा साध्या शब्दांत अशी आहे: विकत घेतलेला गेम स्वतःच्या घरातील कितीही संगणकांवर, कितीही वेळा इन्स्टॉल करावा, मात्र तो मित्राच्या संगणकावर घालू नये किंवा इतरांना वाटू नये. खाते मात्र व्यक्तिगत असते, आणि ते दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. म्हणजे मुलीच्या लॅपटॉपवर गेम असायला हरकत नाही. मुलाचा पासवर्ड तिने घेण्याचे कारण नाही. मुलाने स्वतः आपल्या खात्यातून ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’, म्हणजे गेम संगणकावर बसवणारी फाइल, उतरवून घ्यावा आणि बहिणीच्या लॅपटॉपवर चालवून द्यावा. हा इन्स्टॉलर खाते विचारत नाही, की इंटरनेटही मागत नाही.

आपल्याकडील कायदाही पाहू. संगणक प्रणाली ही 1957 च्या कॉपीराइट अधिनियमानुसार साहित्यकृतीत मोडते. त्याच्या कलम 52 मध्ये, प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामासाठी वापरताना, किंवा नष्ट होण्याच्या भीतीने बॅकअप म्हणून, नक्कल काढणे हा भंग ठरत नाही. तसेच स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यापारी व्यक्तिगत वापरासाठी नक्कल काढण्यासही मोकळीक आहे. ‘व्यक्तिगत’ या शब्दात सख्खी बहीण बसते की नाही, हे कलम स्पष्ट करीत नाही. तेथे विक्रेत्याने घरासाठी दिलेली परवानगीच आपल्या मदतीला येते, आणि ती आपल्याजवळ आहे.

एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या काटेकोर माणसाला खटकेल. आपण ‘विकत घेतला’ म्हणतो तो गेम बहुतेक ठिकाणी विकत मिळतच नाही. मिळतो तो वापरण्याचा परवाना. हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2024 साली केला आणि 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला; इंटरनेटविना कायम वापरता येईल अशी प्रत जे ग्राहकाच्या हाती देतात, त्यांना त्यातून वगळले आहे. परवाना आणि प्रत यांत काय अंतर असते ते ‘द क्रू’ या 2014 सालच्या मोटारशर्यतीच्या गेमच्या ग्राहकांना विचारावे. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचाही गेम त्या दिवसापासून बंद पडला. जीओजीवरही कायद्याच्या भाषेत परवानाच मिळतो, परंतु इन्स्टॉलरची फाइल आपल्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असल्यामुळे ती कोणी परत नेऊ शकत नाही.

अठरा वर्षांखालील व्यक्तीला 1872 च्या भारतीय करार अधिनियमानुसार करार करता येत नाही. आपला मुलगा सज्ञान असल्यामुळे येथे अडचण नाही. परंतु लहान मुलांसाठी खरेदी करणाऱ्या इतर पालकांनी खाते स्वतःच्या नावाने उघडावे. त्यामुळे पुढे घरात कोणाचे गेम कोणाचे, हा वादही उरत नाही.

प्रश्न : आमचा वाडा एकच आहे, पण तीन भावांच्या तीन चुली झाल्या. रेशन कार्डेही तीन आहेत. माझ्या मुलाने घेतलेले गेम थोरल्या दिरांची आणि धाकट्या दिरांची मुले मागतात. शिवाय माझा दुसरा मुलगा पुण्यात वसतिगृहात राहतो, आणि मे महिन्यात नणंदेची मुले कोल्हापूरहून येतात. नाही म्हटले तर वाईटपणा येतो. ‘घरातील संगणक’ म्हणजे नेमके कोणते?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, या अंकातला सर्वांत अवघड प्रश्न आपला आहे, कारण विक्रेत्याने ‘घर’ या अर्थाने जो इंग्रजी शब्द वापरला आहे तो आईवडील आणि दोन मुले एवढेच घर डोळ्यांसमोर ठेवून वापरलेला दिसतो. आपल्याकडे ‘कुटुंब’ म्हटले की कधी फक्त बायको, कधी मुलेबाळे, आणि ‘खटले’ म्हटले की पंगतीला बसणारी वीस माणसे. वंशावळ कुठे थांबवायची हे जीओजीच्या अटींत लिहिलेले नाही. म्हणून पुढे जे सांगतो तो माझा विवेक आहे. त्याला कोणी न्यायनिवाडा समजू नये.

माझ्या मते, ज्यांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो आणि ज्यांचा दुधाचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो, ते एक घर. वाड्याची भिंत सामाईक असली, देवघर सामाईक असले, गणपती एकच बसत असला, तरी खर्च वेगळे झाले त्या दिवशी घरे तीन झाली. रेशन कार्डे वेगळी करताना आपणच सरकारला हे लिहून दिले आहे. गेमपुरते पुन्हा एकत्र कुटुंब व्हावे, हे मला सरळ वाटत नाही. तेव्हा दिरांच्या मुलांच्या संगणकांवर आपल्या मुलाची प्रत घालू नये.

यात वाईटपणा घेण्याचे मात्र कारण नाही. दिरांच्या मुलांनी आपल्या खोलीत येऊन आपल्या संगणकावर खेळण्यास कोणाचीही मनाई नाही. पाहुण्याने आपल्याकडे बसून खेळणे आणि प्रत आपल्या घरी नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नणंदेच्या मुलांनाही हेच लागू होते: मे महिनाभर मनसोक्त खेळू द्यावे, परंतु परतीच्या एस.टी.त त्यांच्या खिशात पेन ड्राइव्ह जाऊ देऊ नये. त्यातूनही एखादा गेम फारच आवडला, तर सवलतीच्या दिवसांत तो भेट म्हणून विकत घेऊन देता येतो. भेट देण्याची सोय जीओजीवर आहे, आणि जुने गेम सवलतीत पुष्कळच स्वस्त मिळतात. काकूकडून किंवा मामीकडून वाढदिवसाला दुसरे काय द्यायचे, हा प्रश्नही त्यामुळे सुटतो.

पुण्यातल्या मुलाचे वेगळे आहे. तो शिकण्यासाठी बाहेर आहे, त्याचा खर्च आपल्याच वहीत लिहिला जातो आणि सुट्टीत त्याचा लॅपटॉप आपल्याच घरी येतो. त्याला मी घरातलाच धरतो. वसतिगृहातल्या त्याच्या खोलीतील सोबती घरातले नव्हेत. हे त्याला एकदा स्पष्ट सांगून ठेवावे, कारण डीआरएम नसलेल्या गेमची खरी गळती होते ती वसतिगृहांतूनच.

तुलनेसाठी सांगतो. स्टीम या मोठ्या विक्रेत्याने 2024 साली ‘स्टीम फॅमिलीज’ ही सोय आणली. तिच्यात एका घरातील जास्तीत जास्त सहा जणांना आपापले संग्रह एकत्र करता येतात. एकाच संग्रहातले दोन वेगवेगळे गेम दोघांना एकाच वेळी खेळता येतात, परंतु एका गेमची एकच प्रत असेल तर एका वेळी एकानेच खेळायचे. काही प्रकाशकांनी आपले गेम या सोयीतून वगळले आहेत. एकदा कुटुंबात शिरलेल्या प्रौढाला ते सोडून दुसऱ्या कुटुंबात जायचे असेल, तर प्रवेशाच्या दिवसापासून वर्ष उलटावे लागते; आणि दुसऱ्याच्या मालकीचा गेम खेळताना एखाद्या मुलाने फसवणुकीची क्लृप्ती वापरली, तर त्या गेममध्ये मालकावरही बंदी येऊ शकते. तेथे घराची व्याख्या यंत्रच करते आणि भांडण मिटते. जीओजीने ती व्याख्या आपल्यावर सोडली आहे, म्हणून निपाणीच्या वाड्यात हा प्रश्न पडला.

प्रश्न : एकच गेम आहे, पण दोन्ही मुलांना एकाच वेळी दोन लॅपटॉपवर एकमेकांबरोबर खेळायचे आहे. एक प्रत पुरते का?
— एक आई, वडगाव

उत्तर : यंत्राच्या दृष्टीने पुष्कळदा पुरते. घरातल्या वाय-फायवर दोन लॅपटॉप जोडून स्थानिक नेटवर्कवर चालणारे अनेक गेम दुसऱ्या प्रतीची चौकशी करीत नाहीत. काही जुने गेम मात्र दोन्ही ठिकाणी प्रतीचा एकच क्रमांक दिसला की नकार देतात, आणि इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे असेल तर बहुधा प्रत्येकाचे स्वतंत्र खाते व स्वतंत्र प्रत लागते.

योग्य काय, असे विचाराल तर माझे उत्तर जरा कडक आहे. मुले पाळीपाळीने खेळत असतील तर एक प्रत पुरेशी. दोघे एकाच वेळी रोज खेळत असतील, तर दुसरी प्रत घ्यावी. कॅरम एकच आणून चौघे खेळतात हे खरे, पण तेव्हा कॅरम एकच असतो. तीच युक्ती येथेही करता येते: एकाच संगणकावर दोघांनी खेळायचे गेम निवडावेत. एरिक बरोन या एकट्या माणसाने तयार केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम 2016 साली आला. 2020 च्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीपासून त्यात पडदा विभागून एकाच संगणकावर अनेकांना खेळता येते, आणि तो जीओजीवर डीआरएमशिवाय मिळतो. ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ सारख्या जुन्या डावपेचांच्या गेममध्ये बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने एकाच खुर्चीवर बसून खेळता येते. एकाने चाल करताना दुसऱ्याने पाठ फिरवायची असते, आणि आपल्या मुलांना ते जमेल की नाही हे आपणच जाणता.

आणखी एक व्यवहारातली सूचना. दोघे एकाच संगणकावर वेगवेगळ्या वेळी खेळत असतील, तर विंडोजमध्ये दोघांची स्वतंत्र खाती उघडून द्यावीत. बहुतेक गेमची प्रगती वापरणाऱ्याच्या ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये साठते. खाती वेगळी असली की एकाच्या प्रगतीवर दुसऱ्याची प्रगती चढत नाही. जीओजीचे ‘गॅलॅक्सी’ हे ॲप वापरणे ऐच्छिक आहे. मात्र त्यातून क्लाउडवर प्रगती साठवत असाल आणि दोघे एकाच खात्याने खेळत असाल, तर धाकट्याने रविवारी सुरू केलेला नवा डाव थोरल्याच्या महिनाभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. अशा घरात क्लाउडची सोय बंदच ठेवावी.

प्रश्न : माझे सहा संगणकांचे गेमिंग सेंटर आहे. डीआरएम नसलेला गेम एकदा घेऊन सहाही ठिकाणी घालता येईल का?
— एक व्यावसायिक, चिकोडी

उत्तर : नाही. तासाला पैसे घेतले की तो व्यवसाय झाला. घरासाठीची मुभा तेथे लागू होत नाही. व्यावसायिक वापराचा परवाना प्रकाशकाकडे स्वतंत्रपणे मागावा.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यात मोबाइलची रेंज नसते आणि हेस्कॉमची वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही. मी बेळगावात कॉलेजला येतो. तेथे गेम डाउनलोड करून घरी वडिलांच्या संगणकावर इंटरनेटशिवाय घालता येईल का?
— एक विद्यार्थी, जांबोटी

उत्तर : येईल, आणि जांबोटी-कणकुंबी भागासाठी याहून सोयीचा मार्ग मला दिसत नाही.

ब्राउझरमधून आपल्या खात्यात जाऊन, गेमच्या पानावरील ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलरच्या सर्व फाइली उतरवून घ्याव्यात. मोठ्या गेममध्ये ‘सेटअप’ने सुरू होणारी एक छोटी ईएक्सई फाइल आणि तिच्या जोडीला अनेक मोठ्या बिन फाइली असतात. त्या साऱ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्यांची नावे बदलू नयेत. एक तुकडा राहिला तरी गेम इन्स्टॉल होत नाही, आणि त्यासाठी पुन्हा बेळगावची बस धरावी लागते. मूळ गेमला नंतर घेतलेल्या जोड-भागांचे इन्स्टॉलर वेगळे असतात, तेही विसरू नयेत. मोठी फाइल ब्राउझरमध्ये मध्येच तुटत असेल तर गॅलॅक्सी ॲपमधूनही हे इन्स्टॉलर उतरवता येतात.

पेन ड्राइव्ह एफएटी-32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी एकेक फाइल बसत नाही. जीओजीचे तुकडे सहसा या मर्यादेत असतात, तरी ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घेतलेला बरा. घरच्या संगणकावर इन्स्टॉलर आणि उलगडलेला गेम या दोहोंना पुरेल इतकी, म्हणजे साधारण दुप्पट, जागा लागते. इन्स्टॉलरला इंटरनेट लागत नसले तरी ग्राफिक्स कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, त्यात नसतो; तोही त्याच खेपेत नेऊन ठेवावा. सुधारित आवृत्त्या आपोआप येणार नाहीत. दिवाळीला एकदा नवा इन्स्टॉलर नेला तरी चालते. खरेदी करून गेम न चालल्यास किंवा न आवडल्यास, उतरवून खेळून पाहिला असला तरी, 30 दिवसांत पैसे परत मागता येतात. स्टीमवर ही मुदत 14 दिवस आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी अशी आहे. गावी जाऊन तपासून परत यायला वेळ लागतो, त्यामुळे आपल्यासाठी हा फरक लहान नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतील संगणकावर डाउनलोड केले असेल, तर उठण्यापूर्वी इन्स्टॉलर तेथून पुसून टाकावा, रिसायकल बिनही रिकामी करावी आणि खात्यातून बाहेर पडावे. तेथे राहिलेली एक फाइल संध्याकाळपर्यंत अख्ख्या वर्गाकडे पोहोचलेली असते, आणि मग ती घरातील प्रत राहत नाही. शिवाय प्रयोगशाळेच्या वाय-फायवर चाळीस जीबी उतरवण्यास प्रयोगशाळा-सहायकांची परवानगी आहे ना, तेही विचारून घ्यावे.

प्रश्न : मित्राने पेन ड्राइव्हवर आठ गेम दिले. ‘डीआरएम-फ्री आहेत, म्हणजे फ्री आहेत,’ असे तो म्हणतो. खरे आहे का?
— एक विद्यार्थी, शहापूर

उत्तर : हा शब्दांचा घोटाळा आहे. ‘डीआरएम-फ्री’ म्हणजे कुलपाशिवाय, मोफत नव्हे. बाजारातल्या ज्या भाजीवालीने टोपलीवर झाकण ठेवलेले नाही, तिची भाजी फुकट असते असे आपण समजत नाही.

कॉपीराइट कायद्याचे कलम 63-ब स्पष्ट आहे: संगणक प्रणालीची प्रत बेकायदेशीर आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी किंवा व्यवसायात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून 50,000 रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. पोलीस आपल्या दारात येतील असे सांगून मी आपल्याला घाबरवणार नाही; परंतु ‘माहीत असून’ हे शब्द आता, हे उत्तर वाचल्यावर, आपल्यालाही लागू होतात.

कायद्याइतकीच काळजीची दुसरी बाब म्हणजे ती फाइल खरोखर कुठून आली आहे. इन्स्टॉलरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहावे. जीओजीच्या अस्सल इन्स्टॉलरवर त्या कंपनीची सही असते. तेथे सहीच नसेल, किंवा मित्राने ‘आधी अँटिव्हायरस बंद कर’ असे सांगितले असेल, तर ती फाइल उघडूच नये. कुलूप तोडलेल्या प्रतींसोबत पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर येणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्याच संगणकावरून वडील वीजबिल भरत असतात.

खेळायचेच असेल आणि पैसे नसतील, तर जीओजीवर आणि इच डॉट आयओ या संकेतस्थळावर निर्मात्यांनी स्वतः मोफत ठेवलेले गेम पुष्कळ आहेत. ते मित्राला द्यावेसे वाटले तर त्याला फक्त पत्ता सांगावा.

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांना जुन्या गेमची आवड होती. जीओजीच्या खात्यात त्यांनी घेतलेले चाळीसेक गेम आहेत. आमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. वडिलांचे गेम त्याला मिळावेत अशी माझी इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : आपल्या यजमानांनी घर आणि ठेवींसाठी वारस म्हणून नाव लावले असेल; गेमच्या खात्याला तशी जागा कोठेही नसते. मृत्युपत्राने खाते दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, अशी स्टीमची भूमिका 2024 साली जाहीर चर्चेत आली. त्याच सुमारास जीओजीने सांगितले की खाते सर्वसाधारणपणे हस्तांतरित होत नाही, परंतु त्या खात्यावर अमुक व्यक्तीचा हक्क आहे असा न्यायालयाचा स्पष्ट आदेश सादर केल्यास तसे करून देण्याचा आपण प्रयत्न करू. चाळीस गेमसाठी बेळगावच्या कोर्टाची पायरी चढावी, असे मी सुचवणार नाही. वकिलाचा खर्च गेमच्या किमतीहून सहज जास्त होईल.

येथे कुलूप नसण्याचा उपयोग होतो. यजमानांच्या संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर त्यांनी स्वतः उतरवून ठेवलेले इन्स्टॉलर आहेत का, ते प्रथम शोधावे. त्या प्रती घरासाठीच घेतलेल्या होत्या आणि घरातच आहेत. मुलाने त्या घरच्या संगणकावर चालवण्यात मला काही गैर दिसत नाही. त्यांची दुसरी नक्कल वेगळ्या डिस्कवर करून कपाटात ठेवावी. जे गेम उतरवलेले नाहीत, त्यांच्याबाबत जीओजीच्या ग्राहक-साहाय्य विभागाला खरी परिस्थिती लिहून विचारावे. परस्पर खात्यात जाऊन नाव किंवा पत्ता बदलू नये, कारण अटींप्रमाणे ते खाते त्यांचे एकट्याचे होते.

उत्तर येईपर्यंत त्यांचा ई-मेल बंद पडू देऊ नये. जीओजीचा दुहेरी सुरक्षेचा संकेतांक सहसा ई-मेलवर येतो, आणि गूगलने डिसेंबर 2023 पासून दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरण लागू केले आहे. त्यांचा मोबाइल क्रमांक त्या ई-मेलला जोडलेला असेल, तर सिमही चालू ठेवावे.

आणखी एक काम, आणि हे मात्र या आठवड्यातच करावे. संगणक दुरुस्तीला किंवा फॉरमॅटला देण्यापूर्वी त्यांच्या विंडोज खात्यातील ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि ‘ॲपडेटा’ हे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. ‘ॲपडेटा’ सहसा लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या वस्तू दाखवण्याची खूण केली की तो दिसतो. गेम पुन्हा विकत मिळतील, पण आपल्या यजमानांनी खेळता खेळता अर्धवट ठेवलेले डाव या फोल्डरांमध्येच आहेत, आणि मुलाला ते तेथूनच पुढे खेळता येतील.